नॉस्टॅल्जियाच्या गेटवर

३ नोव्हें., सोम.
हायवेवर नवं हॉटेल होतंय, त्याचा मालक शाळेत येऊन बसला. बोर्डावर 'नॉस्टॅल्जिया' रंगवून झालंय, खाली मराठीत दोन ओळी अर्थ हवा. इंग्रजीची बाई म्हणून मी. आत म्हणे जुनं गाव उभारलंय. ओसरी, बैलगाडी, पाटलाची गादी. "एकदम ओरिजिनल, मॅडम!"

४ नोव्हें.
डिक्शनरी काढली. शब्द ग्रीक तुकड्यांचा. एक घरी परतणं, दुसरा दुखणं. जोडला एका स्विस डॉक्टरनं. घरापासून लांब खंगणाऱ्यांच्या आजाराला नाव हवं होतं. म्हणजे मुळात रोगच. गोडवा मागाहून चिकटला. तसंच लिहून पाठवलं.
संध्याकाळी मालकाचा फोन. "दुखना-बिखना काट दो मॅडम. पब्लिक जेवाले येते." 'गोड आठवणी' करा म्हणे. कोणाच्या, हे विचारायचं राहिलं.

७ नोव्हें.
धाकट्या भावाला, विजूला, तिथंच काम लागलं. गेटवर धोतर नेसून, खांद्यावर घोंगडी टाकून डफडं वाजवायचं. गाडी आली की कमरेत वाकून 'या मायबाप'.
मायबाप! आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि डफडं तळ्यात बुडवलं. गावकीचं वाजवणं संपलं ते संपलं, पुढं घरात कोणी हात लावला नाही. मालकानं याला नवंकोरं आणून दिलंय.
"कायले चिडून राहिली, ताई? ॲक्टिंग होय ते. काम भेटून राहिलं ना."
थुंकावंसं वाटलं. त्याच्यावर नाही. म्हणजे, थोडं त्याच्यावरही.

८ नोव्हें.
वाटलं, बाबा घर डोक्यावर घेतील. खाटेवर बसूनच विचारलं त्यांनी, "जेवाले कुठं देतीन तुले?"
विजू: "किचनच्या मांगं."
"माह्या बापाले बी मांगंच देत होते."
विजूनं मान वर केली नाही. भाजी तशीच राहिली.

१० नोव्हें.
आज उद्घाटन. बोर्ड बघून आले, 'गोड आठवणींचं गाव'. दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेतलं. किळस येते त्या रंगाचीसुद्धा.
विजू गेला. घरचा डबा घेऊन गेला. आईला म्हणाला, तिथलं खाणार नाही. एवढंच.
मालकानं मला कार्ड पाठवलंय. मॅडमना मानाचं पान, ओसरीवर. न जावं तर विजूची नोकरी... पहिल्याच दिवशी. साडी काढून ठेवलीय, घडी मोडली नाही अजून. आत जायला गेट एकच आहे. मी आले की विजूनं वाकायचं...