रिकाम्या डिशमध्ये काय सापडणार

१ डिसेंबर, सोमवार

काल वाढदिवस झाला. आजपासून रोजनिशी. आजपासून चहात साखर बंद. आजपासून शंकासुराशी, म्हणजे प्रयोगशाळेतल्या त्या शंकेखोर पोराशी, वाद बंद. आणि बावीस तारखेच्या आत एक शोध. छोटा चालेल, पण माझ्या नावावर हवा. बावीसला कमिटी बसणार आहे. प्रयोगशाळेतली माझी जागा कायम करायची की मला घरी पाठवायचं, ते ठरणार. ‘तात्पुरता’ या शब्दाखाली माझे केस पांढरे झाले. आता पुरे.

काम तसं सोपं. हॉस्पिटलमधून कॅन्सरच्या गाठींचे तुकडे येतात, सोबत त्याच पेशंटच्या निरोगी टिश्यूचा तुकडा. ते विरघळवायचे, गाळायचे आणि गाळणीवर प्लास्टिकचे बारीक कण उरलेत का ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. शंकासुराने गेलं वर्षभर बघितलं, त्याला काही सापडलं नाही. बघायलाही नजर लागते.

बायकोने स्वेटर दिला. स्वतः विणलेला. वांगी रंग. मला आवडतो असं कधीतरी म्हणालो होतो, हिने लक्षात ठेवलं. म्हणाली, एकदा धुऊन मग घाला हो, नवीन आहे, केस सुटतात. धुवायला वेळ कुणाला आहे? आमच्या एसीत सॅम्पल कोण आणि माणूस कोण ते कळत नाही. तसाच घालून गेलो.

प्रयोगशाळेच्या दारावर आमच्या प्रमुख मॅडमची पाटी आहे: आत फक्त सुती कपडे. शंकासुर लगेच म्हणाला, सर, स्वेटर? मी म्हटलं, मेंढीच्या अंगावर प्लास्टिक उगवतं का रे? वरून सुती कोट घातला. बाह्या जरा बाहेर येतात. येऊ देत.

वाद एकदाच झाला. उद्यापासून नाही.

३ डिसेंबर, सायंकाळ

सापडले!

गाठीच्या तुकड्यात तंतू. जांभळे, लांब, चकचकीत. एक नाही, झुबकेच्या झुबके. शंकासुराला बोलावलं. त्याने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत मायक्रोस्कोपमध्ये. जळला. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

चहात साखर घेतली. शोधाच्या दिवशी चालतं.

४ डिसेंबर

सगळ्या गाठींमध्ये तंतू आहेत. सगळ्या. एकही सुटलेली नाही. निसर्ग इतका नीटनेटका क्वचितच वागतो.

एकच बारीक अडचण. निरोगी तुकड्यांमध्येही आहेत. तितकेच.

५ डिसेंबर, पहाटे

अडचण सुटली! अंथरुणात पडल्या पडल्या सुचलं. निरोगी तुकड्यात तंतू आहेत याचा अर्थ तो तुकडा निरोगी नाहीच. तिथे आजार अजून यायचाय. तंतू आधीच पोचलेत. म्हणजे मला नुसतं कारण नाही, आजार होण्याआधी ओळखायची खूण सापडली! बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, बरं, आणि कुशीवर वळली. मोठ्या माणसांच्या घरात असंच असतं.

५ डिसेंबर, दुपार

शंकासुराने सगळ्यांसमोर विचारलं, सर, ब्लँक लावला होता का? ब्लँक म्हणजे रिकामी डिश. तिच्यात काहीच ठेवायचं नाही, पण बाकी सगळे सोपस्कार करायचे, आणि शेवटी ती रिकामीच आहे ना ते बघायचं. हा मॅडमचा लाडका छंद. मी म्हटलं, बाळा, रिकाम्या डिशमध्ये काय सापडणार? तो म्हणाला, तेच तर बघायचं असतं. मी म्हटलं, तू बघत बस रिकामं, मी भरलेलं बघतो.

कुणी हसलं नाही. इथे विनोदाची जाणच नाही.

६ डिसेंबर

इन्फ्रारेड मशीनने तंतू ओळखला. ॲक्रिलिक. कृत्रिम धागा, म्हणजे प्लास्टिकच.

या गावात ॲक्रिलिकचा धागा कोण काढतो? एकच माणूस. माझा मेहुणा. बायकोचा थोरला भाऊ. ओढ्याच्या काठावर कारखाना, त्याला लागूनच घर, बोटात अंगठी आणि मी दिसलो की न चुकता विचारणार, काय भाऊजी, झालात का कायम?

देव सगळं बघत असतो.

७ डिसेंबर, रविवार

बायकोला घेऊन मेहुण्याकडे. तिला सांगितलं सहज जाऊ. खिशात बाटल्या होत्या.

मेहुण्याने दारातच स्वेटर न्याहाळला. गालात हसला. बहिणीला म्हणाला, छान जमलाय की गं. गुन्हेगाराचं हसू मी ओळखतो. मी सरळ विषयाला हात घातला, कारखान्यात जांभळा धागा निघतो का? म्हणाला, नाही हो, पांढरा आणि काळा, कार्पेटवाले दुसरा घेतच नाहीत. सांगताना डोळा मिचकावला, बायकोकडे बघून. भावंडांचं संगनमत!

चहा आला. त्याच्या ऑफिसमधल्या मऊ खुर्चीत बराच वेळ बसलो, टेहळणीसाठी. मग पाय मोकळे करतो सांगून ओढ्यावर उतरलो. बाटल्या भरताना दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. विज्ञानासाठी.

परत आलो तर घरात कपाटावर एक टोपली. टोपलीत धाग्याचा गुंडा. जांभळा! म्हणजे पांढरा आणि काळा, नाही का? कुणी बघत नाही असं बघून हातभर धागा तोडून खिशात टाकला.

९ डिसेंबर

ओढ्याच्या पाण्यात तंतू आहेत. आणि मेहुण्याच्या टोपलीतला धागा व पेशंटच्या शरीरातला तंतू, मशीन म्हणतं, एकच. धागा तोच, रंगसुद्धा तोच. आलेखाच्या दोन रेषा एकमेकींवर अशा बसल्या की एकच दिसावी.

बायकोला सांगितलं, तुझ्या भावाचा धागा लोकांच्या गाठींमध्ये निघतोय. तिने विचारलं, कोणत्या रंगाचा? म्हटलं, जांभळा. तिने माझ्याकडे पाहिलं. स्वेटरकडे पाहिलं. म्हणाली, अहो, तुमचा हा स्वेटर... मी म्हटलं, स्वेटरचं कौतुक नंतर. शिवाय हा वांगी आहे. तो जांभळा. रंगातला फरक कळत नसेल तर मध्ये बोलू नये.

नाही बोलली. भांडी मात्र फार जोरात घासली.

११ डिसेंबर

परिस्थिती मला वाटलं त्याहून भयंकर आहे. आज सोबत सेलोटेप घेऊन फिरलो. जिथे जाईन तिथे चिकटवायची, उचलायची, बघायची. कँटीनच्या टेबलावर तंतू. मॅडमच्या केबिनमध्ये, पाहुण्यांच्या खुर्चीवर तंतू. माझ्या दाढीत तंतू. वाचनालयात गेल्या गेल्या टेप लावली तेव्हा काही नव्हतं. तासभर वाचत बसलो आणि परत लावली. होते! तासाभरात! प्रसाराचा वेग बघा. आणि लोक शांतपणे पेपर वाचत होते.

१२ डिसेंबर

प्रदूषण खात्याला सविस्तर तक्रार पाठवली. मेहुण्याचं नाव, कारखान्याचं नाव, सोबत आलेख. मॅडमना विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, ब्लँक लावा.

टीव्हीवाले आले तर काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून बघितलं. नात्यापेक्षा सत्य मोठं, हे वाक्य डाव्या बाजूने जास्त चांगलं दिसतं.

१३ डिसेंबर, शनिवार

बायकोला कळलं. मेहुण्याच्या बायकोने फोन केला. खात्याची माणसं कारखान्यावर गेली आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत यंत्रं बंद ठेवा म्हणाली. बायकोने बॅग भरली. मी म्हटलं, तू शास्त्राच्या बाजूने की माहेरच्या? ती म्हणाली, दादाकडे कामाला असलेल्या बायका आज गेटवर बसून राहिल्यात, त्यांच्या बाजूने. म्हणाली, मी त्या दिवशी सांगत होते, तुम्ही सांगू दिलं नाहीत. आता कमिटीलाच सांगा.

दार आपटलं. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो.

अंडं उकडलं. पाणी आटून फुटलं.

१४ डिसेंबर

घरातली धूळ तपासली. पलंगाच्या तिच्या बाजूला तंतू कमी झालेत. माझ्या बाजूला आहेत तेवढेच. उघड आहे. तीच माहेराहून आणत होती.

एकटं बरं वाटतं. शांतता आहे. दिवसभरात फ्रीज तेवढा बोलतो.

१७ डिसेंबर

मेहुण्याचा फोन. आवाज चढवला नाही, हेच संशयास्पद. म्हणाला, भाऊजी, निकाल आला. कारखान्याचं पाणी ओढ्यात जातच नाही, आतच फिरतं, ते मी तुम्हाला लग्नापासून सांगतोय. पाण्यात काही नाही, यंत्रांत काही नाही. तुमचा जांभळा तंतू एकाच ठिकाणी सापडला, ऑफिसातल्या मऊ खुर्चीवर. तिथे गेल्या महिन्याभरात कोण बसलं ते आठवून बघा. आणि हो, दोन ऑर्डरी परत गेल्या. कार्पेटवाल्याने कॅन्सर हा शब्द ऐकला आणि फोन ठेवला. तिसरी गेली की कुलूप. कुलपाचं आमंत्रण तुम्हालाच देईन, फीत कापायला या.

मी म्हटलं, धमक्या देऊ नका. तो म्हणाला, धमकी नाही हो, माणसाने किती हुशार असावं याला मर्यादा हवी.

खातं विकलं गेलंय. दुसरं काय.

१९ डिसेंबर

मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, कमिटीपुढे काय मांडायचं ते मांडा, पण आधी सगळ्यांदेखत ब्लँक. मी म्हटलं, हा अविश्वास आहे. त्या म्हणाल्या, हो.

मग म्हणाल्या, हॉस्पिटलच्या तुकड्यांतलं किती शिल्लक आहे? मी म्हटलं, सगळं वापरलं, नमुना मोठा असावा लागतो. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या. चष्मा स्वच्छच होता.

थंडी फार. स्वेटर झोपतानाही काढत नाही. तिने विणलाय म्हणून नव्हे. थंडी आहे म्हणून.

२१ डिसेंबर, रविवार

उद्याची तयारी पूर्ण. भाषण पाठ. रिकाम्या डिशमध्ये काही निघणार नाही, आणि मग शंकासुराचं तोंड बघण्यासारखं होईल. निघालंच तर हवेत प्रदूषण किती पसरलंय त्याचा तो आणखी एक पुरावा. दोन्हीकडून माझंच बरोबर. अशी बाजू आयुष्यात एकदाच मिळते.

२२ डिसेंबर, रात्री

कमिटीतले सगळे खुर्च्या ओढून बसले. मी रिकामी डिश घेतली आणि नेहमीसारखं काम केलं. गाळलं. मायक्रोस्कोप पडद्याला जोडला होता. पडदाभर तंतू.

मी म्हटलं, बघा, हवा! मॅडम म्हणाल्या, आता स्वेटर काढा. मी म्हटलं, मला थंडी बाधते. त्या म्हणाल्या, काढा.

शंकासुराने स्वेटर हातमोजे घालून उचलला आणि पिशवीत बंद केला. वर चिठ्ठी चिकटवली. मग त्याने कपड्यांवरचे तंतू टिपायचा चिकट रोलर माझ्या पाठीवरून फिरवला, अगदी हळू, आजारी माणसाचं अंग पुसावं तसा. त्याने काहीतरी खोचक बोलायला हवं होतं. बोलला नाही. नालायक.

दुसरी डिश. तेच काम, तेच हात. पडद्यावर काही नाही. पांढरं.

मी म्हटलं, पण मेहुण्याचा धागा जुळलाय, मशीन खोटं बोलत नाही. मॅडम म्हणाल्या, मशीन खरंच बोललं. स्वेटर कुठल्या धाग्याचा आहे, ते घरी विचारलंत?

जागेचा विषय त्यांनी पाच मिनिटांत संपवला. मला बाहेर बसवून. बाहेर येऊन मॅडम त्याबद्दल बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, मला आता हॉस्पिटलला कळवावं लागेल. ज्यांनी ते तुकडे दिले, त्यांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सही केली होती, दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून. त्यातल्या काही जणांकडे परत मागायला जाता येणार नाही.

मी म्हणणार होतो की चुकीतूनच विज्ञान पुढे जातं. आरशासमोर तेही बसवलं होतं. सुती कोटात फार थंडी वाजत होती.

२३ डिसेंबर

खात्याला तक्रार मागे घेतल्याचं पत्र पाठवलं. कार्पेटवाल्यालाही फोन केला, चूक माझी होती म्हणून. त्याने विचारलं, आपण कोण? शास्त्रज्ञ म्हणणार होतो. म्हटलं, त्यांचा मेहुणा.

मग मेहुण्याकडे गेलो. यंत्रं चालू होती, आवाज येत होता. त्याने दार उघडलं, मला नुसत्या शर्टात बघितलं आणि म्हणाला, काय भाऊजी, मेंढीला उकडतंय का? शंकासुराची आणि याची ओळख कधी झाली, कोण जाणे.

आत बसवलं. मऊ खुर्चीत नाही, स्टुलावर. मी म्हटलं, तुम्ही पांढरा आणि काळाच काढता म्हणाला होतात. तो म्हणाला, तेच काढतो. हा एकदाच काढला. बहिणीने येऊन सांगितलं, यांना तो रंग आवडतो आणि बाजारात कुठे मिळत नाही. एका स्वेटरपुरता आणि वर थोडा. रंग जमेना म्हणून हिने मला तीनदा परत करायला लावला. तुम्हाला सांगायचं नव्हतं, माझ्याकडचा आहे कळलं तर तुम्ही घालणार नाही म्हणाली. त्या दिवशी डोळा मारला तो त्याचा. जगात दुसरीकडे कुठे हा धागा सापडला, तर मला येऊन सांगा, मीच तक्रार करतो.

बायको कोपऱ्यात बसून विणत होती. टोपलीतला उरलेला गुंडा. टोपी होती. मी विचारलं, कुणासाठी? ती म्हणाली, दादासाठी. वर बघितलं नाही. घरी कधी येणार ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. सुया चालू होत्या.

थोड्या वेळाने उठून तिने माझ्यापुढे चहा ठेवला. साखर घातलेला. परत जाऊन विणायला लागली.

चहावर एक तंतू तरंगत होता. सेलोटेप खिशात होती. काढली नाही. तंतूसकट प्यायलो.

रंग वांगी.