ऐकल्यासारखी चाल

२ सप्टेंबर १९५६, रविवार

सापडला! मुखडा सापडला! आणि कुठं सापडावा — टॉकीजवर, बायकांच्या तिकिटाच्या खिडकीसमोर, रांगेत घामानं निथळत असताना.

तेच पिक्चर तिसऱ्यांदा बघायला गेले होते. आईला सांगितलं, कुसुमकडे जाते. हिरोसाठी नाही हं! त्या मेल्याला मिशी सोडून काही हलवता येत नाही. दुसऱ्या गाण्यात सारंगी थांबते आणि चार मात्रा काहीच वाजत नाही — काहीच नाही! — मग गाणारीचा आवाज येतो. त्या रिकाम्या चार मात्रांसाठी जाते मी. हे कुणाला सांगायची सोय नाही. मधूला सांगितलं तर म्हणतो, 'ताई, मतलब तू शांती ऐकायला पैसे देते?' धाकटा भाऊ आहे, त्यातून पिक्चरवेडा. त्याला हाणामारी लागते.

'तापीच्या काठी उजाडलं गं' — हे शब्द महिनाभर नुसते पडून होते, चाल चिकटत नव्हती. आज रांगेत आपोआप तोंडात आली. पंचमावर सुरू होते आणि हळूच गंधारावर येऊन बसते. विसरेन या भीतीनं पिक्चरभर गुणगुणत राहिले. शेजारची बाई शेवटी म्हणालीच, 'ओ बहनजी, जरा हिरोईनला बी गाऊ द्या!'

५ सप्टेंबर, बुधवार

आठ वाजता भाईदासकाकांच्या ओट्यावर. त्यांचा रेडिओ म्हणजे आमच्या गल्लीचं दैवत — खिडकीत आणून ठेवतात, आवाज मोठा करतात आणि स्वतः आत जाऊन जेवतात. रेडिओ सिलोनचा बुधवारचा नंबरवार गाण्यांचा कार्यक्रम आज स्पष्ट लागला. माझ्या आवडीचं गाणं दुसऱ्या नंबरवर घसरलं! मधूच्या आवडीचं टुकार गाणं पहिलं! रस्ताभर चिडवत आला.

९ सप्टेंबर

अंतरा होत नाही. मुखडा हातात फुकट पडला, अंतरा जीव खातो आहे. वर षड्जापर्यंत जाते ते ठीक, पण उतरायचं कसं? शुद्ध निषाद घेतला की भजन होतं. कोमल घेतला की रडगाणं.

१३ सप्टेंबर, गुरुवार

मी गाणं शिकवते त्या शाळेत मोठ्या बाईंनी बोलावलं. एक नोव्हेंबरला नवं राज्य होणार. आमच्या बुऱ्हाणपूरची राजधानी नागपूर सुटली, आता भोपाळ. नगरपालिकेच्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम आहे, आपल्या मुलींनी गाणं म्हणायचं. आणि वरून निरोप असा, की फिल्मी चाल चालणार नाही. गाणं नवं हवं, चाल स्वतःची हवी. 'तुझं नाव जाहीर करतील, मालती. संगीत : मालती वामन पाटील. नीट झालं तर तुझा गाण्याचा वर्ग कायम करून घेते. नाही तर दर सहा महिन्यांनी मला विचारतातच, मुलींना गाणं कशाला म्हणून.'

माझं नाव! भोंग्यावरून! चालीसाठी! घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

एकच मेख — शब्द हिंदीत हवेत. राज्य बदललं की उजाडणंही बदलायचं! आधी राग आला. मग म्हटलं, बदला. चाल तर माझीच राहते ना. मधूनं बसल्या बसल्या करून दिलं — 'ताप्ती के तट पे भोर भई रे'. वाईट नाही. पण हे त्याला सांगितलं नाही.

१९ सप्टेंबर

शाळेत आमचे तबलजी चुडामणकाका साथीला बसले. मी पेटीवर मुखडा वाजवला. काकांचा ठेका असा काही लागला की मला वाटलं, झालं, जिंकलं. आणि मग तबल्यावरचे हात उचलून ते म्हणाले, 'बाई, हे म्या कुठंतरी आयकेल हाय. कोन्त्या पिच्चरचं व्हय?'

मी म्हटलं, माझं आहे.

'तुमचंच असंल. पर आयकेल हाय.'

हसत म्हणाले. वाईट मनानं नाही. पण घरी येऊन मुखडा पुन्हा पुन्हा वाजवून बघितला.

२० सप्टेंबर

मधूला वाजवून दाखवली. 'वा ताई! एकदम फिल्मी!' ही स्तुती की शिक्षा?

त्याला विचारलं, खरं सांग, कुठं ऐकलीस का? त्यानं डोकं खाजवलं. 'ऐकल्यासारखी लागते. पण याद नाही येत.' त्याला याद येत नाही म्हणजे काय! या मुलाला सगळ्या पिक्चरची सगळी गाणी पाठ आहेत, गणित सोडून सगळं पाठ आहे.

२३ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून एकच — त्या दिवशी टॉकीजवर भोंगा चालू होता का? शो सुरू व्हायच्या आधी ते रेकॉर्डी लावतात. मी रांगेत होते. भोंगा डोक्यावरच आहे. काहीतरी वाजत असणारच. मी पिक्चरच्या नादात ऐकलं नसेल, कानानं मात्र घेतलं असेल. आपोआप आली म्हणून मी नाचले. आपोआप कुठली येते! दोन वर्षं दर बुधवारी सिलोन, दर पंधरवड्याला पिक्चर — माझ्या डोक्यात इतकी गाणी कोंबलेली आहेत की त्यातलं माझं कोणतं, हे मला कळायचं कसं?

मधूच्या ट्रंकेतल्या पिक्चरच्या गाण्यांच्या सगळ्या पुस्तिका काढून बसले. तासाभरानं लक्षात आलं, पुस्तिकेत शब्द असतात. चाल नसते. अक्कल गहाण ठेवली आहे मी.

२६ सप्टेंबर, बुधवार

आज पहिल्यांदा सिलोन नको वाटलं. तरी गेले. प्रत्येक गाण्याआधी श्वास धरला. निवेदकाचा तोच गोड आवाज, पण मला वाटत होतं पुढचं नाव आरोपीचं घेणार. शेवटचं गाणं संपलं. माझी चाल त्यात नव्हती. आज नव्हती.

२९ सप्टेंबर

बाबांना सांगितलं. पोस्टातून येऊन चहा घेत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'नाव जाहीर होणार म्हणतेस. मग खात्री करून घे, बाई. चोरीचा आळ घेऊन घरी आलीस तर मी काय बोलणार?' आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

३ ऑक्टोबर

गोटू भोंगेवाल्याकडे गेले. मधूला बरोबर नेलं. लग्नांना भोंगा-रेकॉर्डी भाड्यानं देणारा हा एकच माणूस, बुऱ्हाणपूर ते शाहपूर, सगळं त्याचंच वाजतं. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून गुणगुणले. लाज वाटली, पण गुणगुणले.

'अरे, हे तो माझ्याकडं हाय! थांबा बाई, बजावतो.'

त्यानं रेकॉर्ड लावली. ती नव्हतीच! दुसरी लावली. ती तर कव्वाली! तिसरीत दोन सूर तसे होते, बाकी काहीच नाही. 'मग हीच असंल,' गोटू म्हणाला, 'आमच्या मामाच्या लग्नात वाजली व्हती, मला पक्कं याद हाय.' रेकॉर्ड कोणती? 'ती फुटली.'

घरी आल्यावर मधू हसून हसून लोळला. मी रडले. फुटलेल्या रेकॉर्डीवर काय होतं, हे आता कोण सांगणार?

७ ऑक्टोबर

ठरवलं. नवी चाल करते. कुणालाच कधी ऐकल्यासारखी वाटणार नाही अशी.

११ ऑक्टोबर

झाली. पेटीच्या ज्या पट्ट्यांवर धूळ होती त्या सगळ्या वापरल्या. कुठल्याच पिक्चरमध्ये असली चाल असणं शक्य नाही.

१६ ऑक्टोबर

मुलींना नवी चाल शिकवली. वंदना चांगली गाणारी, तीसुद्धा दुसऱ्या ओळीत रस्ता चुकते. चुडामणकाकांनी शेवटपर्यंत इमानानं साथ केली आणि तबला झाकता झाकता म्हणाले, 'हे मात्र कोनीच आयकेल नसंल. आन् कोनी आयकनारबी नाही!'

मुली फिदीफिदी हसल्या. मीही हसले. दुसरं काय करणार!

२० ऑक्टोबर, शनिवार

मधल्या सुटीत पटांगणातून माझी चाल ऐकू आली. जुनी. कुणी शिकवली नव्हती — चुडामणकाकांबरोबर वाजवत होते तेव्हा मुली दाराबाहेर उभ्या असतील. लंगडी खेळता खेळता गात होत्या, बेसूर, पण चालीतलं एकही वळण न चुकवता. उभी राहून ऐकत राहिले. इतकी चांगली आहे म्हणूनच भीती वाटते. वाईट असती तर कुणी विचारलंही नसतं कुणाची म्हणून.

२१ ऑक्टोबर

अंतरा!! दोन्ही निषाद घ्यायचे. वर जाताना शुद्ध, उतरताना कोमल, आणि उतरायच्या आधी थांबायचं. चार मात्रा काहीच नाही. ती जागा मी त्या पिक्चरातून उचलली, कबूल. पण शांतता कुणाची असते? बाकीचा अंतरा मात्र घासून घासून काढला आहे, दीड महिना. प्रत्येक सूर कुठून आला ते मला माहीत आहे. हा कुणाच्याही मामाच्या लग्नात वाजला नाही.

२४ ऑक्टोबर

सिलोन. काही नाही.

२७ ऑक्टोबर

मोठ्या बाईंना सांगितलं, जुनीच चाल घेते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. 'खात्री आहे ना? कुणी उठून म्हणालं की हे अमक्या सिनेमाचं, तर वर्ग तर जाईलच, शाळेचंही हसं होईल.'

मी म्हटलं, आहे.

खोटं बोलले. खात्री नाही. अंतऱ्याची आहे, मुखड्याची नाही. पण ती रांग, तो उकाडा, तोंडात आलेला तो पंचम — हे माझंच होतं. माझं नसेल तर मला माझं म्हणावं असं काहीच नाही. घाबरून ती दुसरी कुरूप चाल माझ्या नावानं गावाला ऐकवू? नाही.

३१ ऑक्टोबर, बुधवार

सिलोनला गेले नाही. आई दिवाळीच्या करंज्या करते आहे, मी सारण भरत बसले. लांबून भाईदासकाकांचा रेडिओ ऐकू येत होता. कानात बोटं घालावीशी वाटली, पण हात पिठाचे.

१ नोव्हेंबर, गुरुवार

हॉल भरलेला. लोक खिडक्यांत चढलेले. माझं नाव भोंग्यावरून आलं — संगीत, मालती वामन पाटील. बाबा तिसऱ्या रांगेत, टोपी मांडीवर.

मुली छान गायल्या. अंतऱ्यातल्या त्या चार मात्रांना सगळा हॉल गप्प झाला! मला दिसलं ते. चुडामणकाकांनी हात हवेत धरून ठेवला होता.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि मागून कुणीतरी ओरडलं, 'कौनसी पिक्चर का है?'

हशा. मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटी सोडून उठले. माइकपर्यंत कशी गेले ते आठवत नाही. म्हटलं, 'किसी पिक्चर का नहीं. मेरा है.'

क्षणभर काहीच नाही. मग टाळ्या. पहिल्यापेक्षा जास्त.

घरी दारात चपला काढताना बाबा म्हणाले, 'बरं झालं, उठलीस.'

१५ नोव्हेंबर

गाण्याचा वर्ग कायम! मोठ्या बाईंनी पेढे मागितले. चुडामणकाका म्हणाले, 'म्या म्हनत व्हतो ना, चाल चांगली हाय.' कधी म्हणाले होते!

गल्लीतल्या बायका धुणं धुताना गातात. सगळे म्हणतात, मालतीचं गाणं.

१२ डिसेंबर, बुधवार

सिलोन. निवेदक म्हणाला, एकदम नवं गाणं, आज पहिल्यांदा वाजतंय, पिक्चर पुढच्या महिन्यात येणार. मग त्याच गाणारीचा आवाज, माझ्या सगळ्यांत आवडीचा, आणि मुखडा — माझा. पंचमापासून गंधारापर्यंत, सूर न् सूर माझा. ओट्यावरचे सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. आजपासून गावात मी चोर. कोण आधी, कोण नंतर, कुणी विचारणार नाही. मधू दंड धरून म्हणाला, 'ताई, चल ना घरी.' मी हलले नाही. अंतरा यायचा होता. आला. पूर्ण ऐकला.

माझा चांगला आहे.