लेकीच्या जंगलातला साग

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

निलंगा, ८ जानेवारी २०२५

चि. शिवकन्येस अप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या किनवटच्या जंगलात मोबाईलला रेंज नाही, म्हणून पुन्हा टपाल. शिवप्रसादच्या नव्या घराची चौकट महिनाअखेर बसवायची आहे. पूजेला बहिणीनंच हळदकुंकू लावायचं. आणि तुझा भाऊ लई हुशार निघाला, किनवटकडूनच साग आणला, तोही स्वस्तात. लेकीच्या जंगलातलं लाकूड घरी आलं म्हणून तुझी अव्वा गल्लीभर सांगत फिरते आहे. वनरक्षक बाईंनी रजा काढावी, नाहीतर मीच पकडून आणीन. येण्याचं कळव.

तुझा,
अप्पा

किनवट, १६ जानेवारी

ती. अप्पांना शिरसाष्टांग शरणार्थ, वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग ताट बाजूला सारलं. सागाच्या टोकावर वन खात्याच्या हातोड्याचा शिक्का आहे का, बघा. सुतारानं तासला असेल तर वाहतुकीचा परवाना मागा.

मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्याच्या छपरासाठी आणलेला बिनशिक्क्याचा वासा मी जप्त केला. बाईंच्या घरी असलं लाकूड निघालं तर काय, असं त्यानं भर ग्रामसभेत विचारलं. तेही सोडणार नाही, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. तेव्हापासून गावात कुणी चहालाही बोलवत नाही. साहेब म्हणतात, एवढं ताणायचं नसतं. संध्याकाळी क्वार्टरवर कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नसतो.

शिक्का नसेल तर लाकूड तिथल्या वन कार्यालयात जमा करा. नाहीतर मलाच खात्याला कळवावं लागेल. रागावलात तरी पत्र थांबवू नका. लोभ कमी होऊ नये.

आपली,
शिवकन्या

निलंगा, २ फेब्रुवारी

चि. शिवकन्येस आशीर्वाद.

शिक्का नव्हता, परवानाही नव्हता. शिवप्रसाद चिडला, सगळेच असं घर बांधतात म्हणाला. मी टेम्पो केला आणि चौकट कार्यालयात नेऊन दिली. वनरक्षक बाईंचे वडील का, असं तिथल्या साहेबानं विचारलं. मी खाली बघून हाव म्हणालो. पंचनामा झाला, आता केस होईल ती होईल.

बांधावरच्या वाळलेल्या कडुलिंबाची चौकट केली. काल पूजा झाली. तुला बोलवायचं नाही, असं शिवप्रसादनं बजावलं होतं. हळदकुंकू शेजारच्या मनिषानं लावलं. मी ते होऊ दिलं, त्याचं फार वाईट वाटतं आहे. तो माझ्याशी बोलत नाही, अव्वा ताट ठेवून निघून जाते. तू तिथं कशी राहतेस, ते आता कळलं, पोरी.

त्या म्हाताऱ्याकडे जा. बाईंच्या घरचं लाकूडही गेलं, असं त्याला सांग. चहा दिला तर मला कळव.

तुझाच,
अप्पा