न फुटलेली अंडी

सालेकसा, आषाढ वद्य पंचमी, शके १८५६

रानात कोसा रेशीम काढणाऱ्या सुखराम ढीवराकडे आज गेलो होतो. दोन द्रोणांत कोशातून निघालेल्या पतंगांची अंडी, दिसायला अगदी सारखी. एकातून बारीक अळ्या निघत होत्या. दुसरा द्रोण निपचित.

"हे काऊन नाही फुटले?"

"मास्तर, नर यावा म्हणून मादीले रातभर झाडाले बांधतो. हे दुसरी मादी बांधाचीच राहिली, नर आलाच नाही. अंडी तिनं घातली नं? तिचा काय कसूर?"

घरी येऊन शाळेचं पुस्तक उघडलं. नराची एक पेशी, डोळ्यांना न दिसणारी, अंड्यात शिरते आणि त्यातून पाय, पंख, रेशीम! एवढ्याशा कणात एवढं सगळं मावतं? अजून अंगावर काटा आहे. आणि तो कणच नसला तर?

तो दुसरा द्रोण डोळ्यांपुढून हलत नाही. सात वर्षं माय माझ्या बायकोला, यमुनेला, वांझ म्हणते. माझ्यासाठी दुसरी मुलगीही पाहून ठेवलीय. मला कुणी तपासलं? मी तरी कधी म्हटलं, मला तपासा म्हणून?

आत्ता यमुनेला द्रोणाचं सांगितलं. म्हटलं, आधी मी डॉक्टरकडे जातो.

ती एवढंच म्हणाली, "सुखरामले समजते. तुमाले सात वर्षं लागले."