अक्काची वस्तू, व्यंकटीचा काटा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, रविवार

तीर्थस्वरूप अक्का,

उमाशंकरचा साष्टांग नमस्कार. (पूर्वी नुसताच लिहायचो, आता घालूनही दाखवतो. मधे पोट यायचं, ते फारसं येत नाही.) दाजींना नमस्कार सांग. हाताची सूज उतरली का, डायलिसिसच्या मशीनचे वार बदलून मिळाले का, आणि तू पाणी खरंच मोजून पितेस की दाजींची पाठ वळली की तांब्या तोंडाला लावतेस, ते खरंखरं कळव. आम्ही इकडे खुशाल आहोत.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी ‘किडनी’ एवढं म्हटलं की नांदेडची रेंज जाते. बाकी तासभर तिखटमिठाच्या गप्पा चालतात, तेव्हा रेंज कशी भरपूर असते. मशीनवर तू चार तास जागची हलू शकत नाहीस, तेव्हा दाजींनी हे वाचून दाखवायचं आणि तू ऐकून घ्यायचं. तर पहिल्यापासून सांगतो. तुझं-माझं रक्त जुळलं, मला साखर नाही, इथवर सगळं ठीक होतं. पण हैदराबादच्या डॉक्टरांनी मला नखशिखांत बघितलं आणि सत्त्याण्णव किलोच्या माणसाला आम्ही हात लावणार नाही, ब्याऐंशीवर या मग बोलू, असं सांगितलं. वर तू म्हणालीस की धाकट्याचं कापून मला जगायचं नाही. म्हणजे डॉक्टरांना मी जड झालो आणि तुला मी लहान! अक्का हो म्हणेपर्यंत वजन तरी उतरवून ठेवू, असं रुद्राणीने त्याच दिवशी परतीच्या गाडीत ठरवून टाकलं. त्या गाडीत मीही बसलेलो होतो, पण मला कोणी विचारलं नाही.

दवाखान्यातून खाण्याचा एक छापील कागद मिळाला होता. त्यातल्या निम्म्या भाज्या मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. एक हिरवा गड्डा शोधत आम्ही नवराबायको गंजगोलाईचा अख्खा बाजार फिरलो, शेवटी एकाने फुलकोबीच दाखवून ‘हीच ती, जरा पिकली हाय’ असं सांगितलं. रुद्राणीने तिथंच त्या कागदाची घडी करून पिशवीत टाकली आणि घरी येऊन स्वतःची पद्धत बसवली. फोडणीचं तेल खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजायचं, एका भाजीला एक टोपण. (पहिला आठवडाभर भाजीला औषधाचा वास येत होता. मी बोललो नाही, कारण खोकलाही थांबला होता.) ज्वारीची भाकरी एक, त्यावर अर्ध्याचा आग्रह बंद. ताटात आधी पालेभाजी, मग मोड आलेली मटकी, आणि भाकरी सगळ्यात शेवटी. शेंगदाण्याच्या कुटाचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर गेला, जिथं माझा हात पोचत नाही आणि गुडघे स्टुलावर चढू देत नाहीत. अक्का, तिच्या हाताला चव आहे हे मला ठाऊक होतं, पण तेलाशिवायही ती चव हातातच राहते हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. तिची नुसत्या लसणाची आणि आंबट चुक्याची डाळ खाऊन मी एकदा ताट चाटलं. ती म्हणाली, चाटण्याचंही मोजावं लागंल.

सकाळी फिरायला जायचं होतं. माझ्यासारखा धान्याच्या मोंढ्यातला आडत्या पायी चालताना दिसला की लातूरकरांना बघवत नाही. दर दहा पावलांवर एक मोटारसायकल थांबायची, शेठ गाडी बंद पडली का, बसा मागं! नाही म्हणावं तर माणूस दुखावतो. तिसऱ्या दिवशी मी एकाच्या मागे बसलोच, आणि चांगले दोन किलोमीटर वारा खाऊन घराच्या कोपऱ्यावर उतरलो. चेहरा घामाघूम दिसावा म्हणून नळाखाली तोंड धुतलं. रुद्राणी गच्चीवरून बघत होती. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः माझ्यासोबत चालायला लागली, आणि जो थांबेल त्याला हसून सांगायची की गाडी चांगली हाय, माणूस दुरुस्तीला काढलाय.

आता मुख्य फजिती. वजन कुठं करायचं? घरात काटा नाही, पण आडतीवर आहेच. दर शनिवारी लिलाव आटोपला की मी पोत्यांच्या काट्यावर उभा राहायचो आणि आपला व्यंकटी हमाल खड्या आवाजात आकडा पुकारायचा. पहिल्या शनिवारी पंच्याण्णव, पुढच्या शनिवारी त्र्याण्णव, असं करत दीड महिन्यात त्याने मला एकोणनव्वदवर आणलं. मी सगळ्या मोंढ्याला चहा पाजला. (बिनसाखरेचा. अजून नावं ठेवतात.) त्या आनंदात हैदराबादला गेलो आणि डॉक्टरांच्या काट्यावर छाती काढून उभा राहिलो, तर पंच्याण्णव! मी त्यांना म्हटलं, तुमचा काटा तपासून घ्या, पासिंग कधी झालंय? त्यांनी मला उतरवून पुन्हा चढवलं, तरी पंच्याण्णवच.

लातूरला उतरल्याबरोबर रुद्राणी तडक मोंढ्यात गेली. लग्नानंतर तिने तिथं पाऊल टाकल्याचं मला तरी आठवत नाही. तिने व्यंकटीला काट्याशी उभं करून विचारलं. तो बिचारा बुचकळ्यात पडला. ‘बाई, पस्तीस वर्सं पोत्याचा बारदाना वजा करूनच आकडा बोलतोय. शेठचा बी केला. धोतर, चपला, किल्ल्या. परत जेवून आलेले आसायचे, मंजी माल ओला. वल्लाव्याचं येगळं काढलं.’ आकडा उतरल्याच्या खुशीत दर शनिवारी माझं जेवण जसं वाढत गेलं, तसा वल्लावाही वाढत गेला होता! रुद्राणी त्याच्यावर अजिबात चिडली नाही. ‘व्यंकटीभाऊ,’ ती म्हणाली, ‘डाक्टर ह्यांना बारदान्यासकट टेबलावर घेणार हाय. तुमी बी तसंच मोजा.’ त्या दिवसापासून व्यंकटी मला चपला काढायला लावतो, उपाशीपोटी चढवतो आणि आकडा हळू आवाजात सांगतो. मी मनातून खचलो होतो. म्हटलं, दीड महिना उपाशी राहून दोनच किलो, माझ्याच्यानं हे व्हायचं नाही, अक्काचं काय व्हायचं ते होईल. हे मी तोंडाने बोललो, अक्का, तुझ्यापासून लपवत नाही. रुद्राणीने माझ्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, आज अर्धी भाकर जास्त खा, उद्यापासून पुन्हा सुरू. एवढंच. मला त्या बाईचं खरोखर कौतुक वाटतं. तिला पाच माणसांत बोलायची सवय नाही, तरी या पाच महिन्यांत ती माझ्यासाठी सगळ्यांशी बोलली.

रेणापूरच्या लग्नाचं तर तुला कळवायलाच हवं. आपला चुलतभाऊ अमृतराव वाढायला असला म्हणजे माणसाची सुटका नसते, हे तू जाणतेस. तो परात घेऊन माझ्यापुढं थांबला, हात जोडले, गळ घातली, एक तरी जिलबी, माझ्या गळ्याची शपथ. पंगतीतले सगळे आमच्याकडे बघायला लागले. मी विरघळलो होतो, पत्रावळीवरचा हातही काढला होता. तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून रुद्राणी उठून आली, माझ्या पत्रावळीवर आपला हात आडवा धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘भावजी, ह्यांच्या पोटात अक्काची वस्तू हाय. तिच्यावर जिलबी टाकू नका.’ अमृतराव तसाच परात घेऊन मागे फिरला. नंतर कळलं, त्या दिवशी त्यानेही जिलबी खाल्ली नाही, आणि आता आमच्या आळीत सगळे मला भेटले की तब्येतीऐवजी तुझी वस्तू कशी आहे असं विचारतात.

तर आज मी चौऱ्याऐंशीवर आहे. दोन किलो राहिले. प्रकृतीला जपावं. दाजींना पुन्हा नमस्कार.

तुझा धाकटा,
उमाशंकर

ता. क. : चौऱ्याऐंशी नाही, चौऱ्याऐंशी आणि सहाशे ग्रॅम. रुद्राणी खोटं लिहू देत नाही.

ता. क. २ : हैदराबादची पंचवीस तारीख मिळाली आहे. संमतीच्या एका कागदावर तुझी सही लागते. तेवढी कर. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि मला कडेवर घेऊन शाळेत जायचीस, त्या वेळी मी कोणाला विचारलं नव्हतं की अक्काचं बालपण घेऊ का. तुला माझी काळजी वाटते हे मला कळतं. पण तुझ्याशिवाय मला मोठं माणूस कोण आहे?

ता. क. ३ : अक्का, नमस्कार. हे मी रुद्राणी लिहिते. यांनी पाकीट चिकटवायला दिलं होतं. यांना माहीत नाही, पण मागच्या खेपेला हे डॉक्टरांशी काट्यावरून भांडत होते तेव्हा मी खाली जाऊन माझंही रक्त देऊन आले. गट तुमचाच निघाला. भावजयीला किडनी द्यायची तर सरकारी कमिटीपुढं उभं राहावं लागतं म्हणे, मी राहीन. माझं वजन बासष्ट आहे, बारदान्यासकट. यांना नाही म्हणणं तुम्हाला सोपं आहे, ते तुमचे धाकटे आहेत. मला मात्र लग्न होऊन या घरात आल्यापासून तुम्ही एकदाही नाही म्हटलेलं नाही.