करपलेला पाक

प्रिय आन्सेल्म,

मी सुखरूप पोचले. बाबा बरे आहेत, दोन घास खातात. धाकटीचा खोकला थांबला का?

हिवाळ्यात माझा भाऊ रोझेर गेल्यापासून बाबा मेपलच्या झाडांकडे फिरकलेच नव्हते. काल मीच झाडांना भोकं पाडून रस धरायला बादल्या टांगल्या. आज रस भट्टीवर आटत असताना बाबा सवयीने ओरडले, "रोझेर, पाक झाला का बघ रे!"

मग पळी माझ्याकडे सरकवली.

मी पळी उचलून बघितली. मला काही कळेना. तोवर पाक करपला.

बाबांनी तो चाखला, डोळे पुसले. "त्याचाही पहिल्यांदा असाच करपला होता, पोरी. उद्या पुन्हा लावू."

बर्फ वितळेपर्यंत मी इथंच राहते. भट्टीपाशी त्यांना एकटं सोडवत नाही.

मुलींना जवळ घे.

तुझीच,
देल्फिन