गुवाहाटीला तीन तास

३ नोव्हें., सोमवार
गुवाहाटीहून सुजूचा फोन. बीपी वाढलंय, डॉक्टरनी प्रवास बंद केला. म्हणजे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार नाही. तिला सासूही नाही, जावयांची शिफ्ट ड्युटी. "असू दे गं आई," म्हणते. कसलं असू दे! ती येऊ शकत नाही तर मी जाते.

४ नोव्हें.
भिवंडीजवळ कशेळीच्या गोडाऊनवर सुपरवायझरकडे रजा मागितली. "विमानाने? तुम्ही?" म्हटलं, रोज लोकांची पार्सलं देशभर पाठवते, एकदा स्वतःला पाठवते. पॅकिंगच्या बाया फिदीफिदी हसल्या. रजा मिळाली, बिनपगारी. असेना का.
रेल्वेने दोन दिवसांच्या वर. विमानाने तीन तास. जावयांनी तिकीट काढलं.

५ नोव्हें.
थोरले भाऊजी आले. नातवंड होईपर्यंत आईबापाने लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही घरची रीत. "तिथं जाऊन काय वारा खाशील? आपल्यात असं न्हाय चालत."
म्हटलं, भाऊजी, रीत पडली तेव्हा आपल्या शेलार गावची लेक फार तर जवळच्या टेमघरला द्यायचे. भेटून संध्याकाळी घरी येऊन पाणी पिता यायचं. माझी लेक दोन हजारांवर कि.मी. लांब आहे. तहानेने मरू?
हे मिठाची गुळणी धरून बसलेले. भांडी आपटली मी. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा! तर म्हणे, "विमानात भीती न्हाय वाटणार तुला?" वाटेल. तरी जाणार.

८ नोव्हें., शनिवार, विमानात
तीन तासांचं विमान म्हणून सुजूला सांगून बसले, जेवायला येते. शहाणीच मी! शेलारहून विमानतळ गाठायलाच तेवढे लागले. कशेळीला कंटेनर आडवा. ड्रायव्हर म्हणतो, "ताई, उडके जाऊ क्या?" ओरडले, "उडनेका मैं देखती, तू बस हिल!"
अगदी शेवटी पोचले, धापा टाकत. विमान उठलं तसा शेजारच्या बाईचा हात धरला, ओळख ना पाळख. मग खाली भिवंडी शोधली. कुठली दिसायला!
निघताना ह्यांनी बॅग स्वतः गाडीत ठेवली. राग आहे अजून मला.

९ नोव्हें., गुवाहाटी
काल दारातच सुजूने पाण्याचा ग्लास पुढे केला. पाय सुजलेले, आणि डोळ्यांत तेच, आई घेते की नाही.
आधी लाडू काढायला बॅग उघडली. डब्याखाली बाटली, झाकणाला फडकं बांधलेलं. ह्यांची गाठ लगेच ओळखली. आपल्या विहिरीचं पाणी. मी जावं पण रीतही मोडू नये, म्हणून. अगं बाई, एवढं होतं मनात तर बोलायचं तरी! रडूच आलं मला.
ते पाणी उकळलं, गार केलं, सुजूला दिलं. तिला माहेरी येता आलं नाही, माहेरचं पाणी तरी पोटात जाऊ दे. आणि तिचा ग्लास मी उभ्या उभ्या गटागटा संपवला.

१० नोव्हें.
भाऊजींचा फोन. "पानी पिलीस?"
"प्याले. चहापण. आता भात टाकतेय."
फोन कट. मग ह्यांचा आला. खरं तेच सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं. मग, "सुजू कशी हाय?"
बीपी अजून उतरलं नाही. डॉक्टर उद्या ठरवणार, बाळंतपण लगेच करायचं की थांबायचं. सुजूला रात्रभर भीती वाटते, हात सोडत नाही. जावई विचारत होते, परतीचं तिकीट कधीचं काढू?
काढू दिलं नाही.